चौदावं ठिकाण

पहाटे साडेचारला व्हिटबीचा धक्का सोडला.
'कॉन्स्टन्स'चं इंजिन खोकलं, मग लागलं कामाला,
आणि हेस्टर पिम, वय असेल अठ्ठावीस,
बर्फाच्या पेटीवर बसून नकाशा दाखवू लागली:
आमचाच समुद्र, पण चौकोन आखलेला,
शाळेच्या गणिताच्या वहीसारखा.

एकतीस वर्षं मी मासा असेल तिथे गेलो.
या आठवड्यात चौकोन सांगेल तिथे जायचं,
तासभर ओढायचं, मिनिटभर जास्त नाही,
आणि जाळं बारीक आसाचं, जे एरवी लावलं
तर अधिकारी मला धक्क्यावरच धरतील.
"पिल्लंही मोजायचीत," ती म्हणाली.
डगी हसला. सरकार पैसे देतंय
म्हणजे कुठेतरी गोम आहे, असं डगीचं मत.

पहिल्या ओढीला व्हायटिंग, सातशे बारा.
करंगळीएवढी, पेन्सिलीएवढी, थोडीच ताटात शोभतील अशी.
प्रत्येकाच्या पंखाच्या मुळाशी काळा ठिपका,
दृष्ट लागू नये म्हणून कुणी तीट लावलेली.
लागलीच ना शेवटी.
हेस्टर फळीवर एकेक आडवा ठेवते, आकडा बोलते,
चौदा, चौदा, सोळा, अकरा,
मी लिहितो. माझं अक्षर
जन्मात कुणी इतकं वाचलं नसेल.

स्टेदसपुढे एक कॉड आला. एकटाच.
हनुवटीला ती एक मिशी,
पोट पंगतीतून उठलेल्या व्याह्यासारखं.
मी म्हटलं, याला सोडू या, चुकून आला असेल.
ती म्हणाली, याचंच तर वय हवंय.
सुरीने डोकं उघडलं, चिमट्याने काढले
कानातले दोन खडे, पावट्याच्या दाण्याएवढे, पांढरे,
आणि कागदी पाकिटात घालून वर तारीख टाकली.
"यात दर हिवाळ्याचं एक कडं असतं."
माझ्या कानात काय निघेल, डगीने विचारलं.
"इंजिन," मी म्हटलं.

दुपार कलताना चौदावं ठिकाण आलं.
बापाच्या चोपडीत त्याचं नाव 'कोठी'.
चर्चचा मनोरा आणि टेकडीवरचं शेतघर
एका रेषेत आले की दोर सोडायचे.
मरताना त्याने बोट विकायला सांगितली होती,
चोपडी नाही.

तासभर ओढलं.
पिशवी वर आली ती हलकी, विंच कण्हलासुद्धा नाही.
एक बूट, चार खेकडे, तारामासे,
आणि पाणी, जे आपलं आपण परत गेलं.

"अर्धा मैल पूर्वेला टाकू," मी म्हटलं, "तिथे असतो.
मला माहीत आहे."
"तुम्हाला माहीत आहे म्हणूनच नाही."
तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.
"असेल तिथेच गेलात
तर शेवटच्या माशापर्यंत जाळं भरलेलंच दिसेल.
शून्य लिहा, मिस्टर स्टोर."

मी बराच वेळ पेन्सिल धरून उभा.
शून्य काढायला काय लागतं?
हात फिरवायचा,
निघालो तिथेच परत यायचं.

फेब्रुवारीत पत्र आलं. स्टेदसचा कॉड सात वर्षांचा.
मोजून पाहिलं: मुलगा बोट सोडून
समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला गेला,
त्या वसंतात हा अंड्यातून निघालेला.
सात हिवाळे माझ्या जाळ्यांच्या बाजूबाजूने,
आणि आमची भेट व्हायची ती एका चौकोनात.
सोबत नकाशा. मासा तिथे काळे गोल, लहानमोठे,
चौदाव्या जागी बारीकशी फुली.
व्हायटिंगचं बरं चाललंय, असं तिने खाली शाईने लिहिलं होतं.
कॉडबद्दल काही लिहिलं नव्हतं.

चोपडी काढली. 'कोठी'च्या पानावर बापाच्या अक्षरात
साल, वारा, पेट्या: चाळीस, बावन्न, साठ.
खाली जागा होती.
मी तारीख घातली. वारा वायव्येचा.
पेट्या,
आणि हात फिरवला.